पप्पांचा फोन, पोरांचं इंटरनेट : वर्गात सुरक्षित वापर शिकवायचा कसा?

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या सातवीतला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. घरून निरोप, पोट दुखतंय. पाचव्या दिवशी वडील त्याला मनगटाला धरून घेऊन आले. बोकड विकून खात्यावर आलेले नऊ हजार रुपये गेले होते. गेममध्ये ओळख झालेल्या कुणा ‘दादा’ने फुकट हिरे देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, पोराने तो स्कॅन केला आणि पप्पांचा पिन टाकला. पिन त्याला पाठ असणारच. वडिलांना बारीक अक्षरं दिसत नाहीत. खताच्या दुकानापासून किराण्यापर्यंत सगळीकडे पैसे पोरगाच पाठवतो.

पैसे गेले पाच मिनिटांत. ते परत मिळायची जी काही आशा होती, ती मात्र पुढच्या चार दिवसांत गेली, कारण पोरगं कुणाला बोललंच नाही. “का रे नाही सांगितलंस?” म्हटल्यावर खाली बघत म्हणाला, “फोन काढून घेतला असता.”

मी माणदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे तास घेण्याचं हे माझं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी प्रशिक्षणात मिळालेल्या स्लाइड दाखवल्या, पंधरा ‘करू नका’ फळ्यावर लिहिले. पोरांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. एवढंच झालं. त्या मुलाच्या एका वाक्यानंतर सगळी मांडणी बदलली. तुम्ही पहिल्यांदाच हे करणार असाल, तर माझं पहिलं वर्ष तुमचं वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी काय जमवायचं

– सहा तासिका. आठवड्याला एकच घ्या. एका दिवसात ‘कार्यशाळा’ उरकली तर पोरं संध्याकाळपर्यंत विसरतात.
– मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात दोन ओळींची नोंद. कंटाळवाणं आहे, पण पुढे एखादा पालक भांडायला आला तर हाच कागद कामाला येतो.
– पालकांचं संमतीपत्र. मुलांचे फोटो कुठे टाकायचे असतील तर त्यासाठी वेगळं.
– डेटा असलेला एक फोन आणि शाळेचा टीव्ही. टीव्ही बंद पडलेला असेल तरी अडत नाही, निम्मे तास कागदावरच होतात.
– एक फोटो, ए-फोर आकारात छापलेला. कसला, ते तिसऱ्या पायरीत.
– कुलूप असलेली तक्रारपेटी. बहुतेक शाळांत ती आहेच, कुलूप आहे का बघा.
– तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहिलेला तक्ता : १९३० (ऑनलाइन पैशांची फसवणूक), १०९८ (मुलांसाठी मदत), ११२ (पोलीस).

१. आधी वर्गाला विचारा, मग शिकवा

आपल्याला वाटतं पोरं काय बघतात ते आपल्याला माहीत आहे. नसतं. एक छापील चिठ्ठी द्या : घरात फोन कोणाचा वापरतोस/वापरतेस? कोणती अ‍ॅप? स्वतःचं खातं आहे का? त्यात जन्मसाल कोणतं टाकलंय? पैसे पाठवायचा पिन माहीत आहे का? फोनवर कधी भीती वाटली का? सांगितलंस कुणाला?

नाव लिहायचं नाही हे तर झालंच, पण सापळा वेगळाच आहे. आपण रोज वह्या तपासतो, आपल्याला प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं आणि पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून लिहायला लावू नका, पर्याय छापा, फक्त खुणा करू द्या. जन्मसालाचेही तीन-चार गट पाडा.

माझ्या एकतीस जणांत स्वतःचा फोन दोघांकडे निघाला, आणि घरातला पिन एकोणीस जणांना पाठ. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात; आमची पोरं बारा-तेराची. म्हणजे बऱ्याच जणांनी साल खोटं टाकलेलं. यातली मेख पोरांना सांगावी लागते : २०२४पासून अठराच्या आतल्यांची खाती इन्स्टाग्राम आपोआप खाजगी करायला लागलं, अनोळखी माणसाचे मेसेजही त्यात अडवले जातात. १९९८ साल टाकलं की अ‍ॅपच्या लेखी तुम्ही बापई गडी. तुमच्यासाठी घातलेलं कुंपण तुम्हीच काढून टाकलं. हे असं सांगितलं की त्यांना पटतं. ‘खोटं बोलणं वाईट’ असं सांगून पटत नाही.

२. पालकसभा, पण सकाळी अकराला नको

अकराला आई शेतात असते आणि वडील बाजारात. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर, साडेसातला ठेवा. वीस मिनिटं पुरतात.

एक गृहस्थ उठून म्हणालेच, “बाई, तुम्ही पोरांना मोबाईल शिकवणार आता?” मी म्हटलं, “दादा, मोबाईल त्याला आपल्या दोघांपेक्षा जास्त येतो. मी त्याला चुकल्यावर सांगायला शिकवणार आहे.”

पालकांकडून एकच कबुली घ्या, बाकी सगळं दुय्यम : पोराने चूक सांगितली की आधी खातं वाचवायचं, रागवायचं नंतर. आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घ्यायचा नाही. सभेत माना डोलावतात, घरी विसरतात, म्हणून मी हे संमतीपत्रावरच छापलं आणि खाली सही घेतली. जमलं तर हेही सांगा की रोजच्या देण्याघेण्याचं खातं वेगळं ठेवावं, त्यात हजार-दोन हजारच असावेत. बोकडाचे, उसाचे, कर्जाचे पैसे दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात : गुगलचा सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (दोन्ही नको ते गाळतात), फॅमिली लिंक (यातून पालकांना पोराच्या फोनवर मर्यादा घालता येतात). असतील तर बरंच, सभेतच दोघा-तिघांच्या फोनवर लावून द्या. पण त्यावर विसंबू नका, थोरला चुलतभाऊ ते दोन मिनिटांत काढतो.

३. पहिला तास : एका फोटोतून किती कळतं

हा तास माझ्या सगळ्यात आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या भाच्याचा एक फोटो मी मुद्दाम काढून घेतला. दारात मोटरसायकलवर बसलेला, गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. खाली ओळ : “मम्मी-पप्पा लग्नाला, दोन दिवस घरी एकटाच राजा.” हा फोटो कुठेही टाकला नाही, फक्त छापला. वर्गाचे पाच-पाचचे गट केले आणि सांगितलं : तुम्ही चोर आहात. या पोराबद्दल काय काय कळलं ते लिहा. वेळ दहा मिनिटं.

माझ्या यादीत सात गोष्टी होत्या. गाडीचा नंबर, शाळेचं नाव, ओळखपत्रावरचा पालकांचा मोबाईल नंबर, घर कुलपात नाही पण मोठं माणूसही नाही, वगैरे. पोरांनी अकरा काढल्या. एकीने मागे दूरवर दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव वाचलं. एकाने सावली बघून सांगितलं, “बाई, ही साडेपाचची वेळ हाय, शाळा सुटल्यावरची. म्हंजे रोज ह्या टायमाला हा घरी असतोय.” सावलीचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने करा. ‘कुणालाही सांगितलं तरी चालेल’ आणि ‘घरच्यांना विचारल्याशिवाय नाही’. आवडता खेळाडू पहिल्यात. पूर्ण नाव, गाव, शाळा, जन्मतारीख, आधार, घरी कोण आहे-नाही हे दुसऱ्यात. कुठली गोष्ट कुठे, यावर पोरांना भांडू द्या. “आज मामाच्या गावाला” हे कुठे जाईल, यावर आमच्याकडे अर्धा तास गेला.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः पडले. तास संपताना एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तुमच्या स्टेटसला आमचा शिष्यवृत्तीचा फोटो होता.” बघते तर खरंच. पास झालेली सहा पोरं हातात गुणपत्रकं धरून उभी, आणि फोटो मोठा केला की नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक सगळं वाचता येतंय. तो स्टेटस मी टाकला होता, गावाच्या ग्रुपवर सरपंचांनी, आणि पुढे कुणी कुणी कोण जाणे. पोरांसमोर कान धरले. तुमच्या शाळेच्या ग्रुपवर, फेसबुक पानावर गेल्या दोन वर्षांत काय काय गेलंय, ते हा तास घेण्याआधी एकदा चाळा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं कुणीही मूलच धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. उपक्रमाचे फोटो वर पाठवायला मागतात हे मलाही माहीत आहे. पाठीमागून काढा, कागद खाली ठेवायला सांगा.

४. दुसरा तास : पिन कशाला लागतो

तीन पोरं पुढे बोलवा. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, एक ठग. पुठ्ठ्याचा क्यूआर कोड, वहीच्या कागदाच्या नोटा. गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला, कानात पिन सांगितला, नोट दुकानदाराकडे गेली. मग ठग येतो : “बक्षीस लागलंय, हा कोड स्कॅन कर, पिन टाक, पैसे येतील.” नोट पुन्हा गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. हे तीनदा होऊ द्या. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे तुम्ही सांगायच्या आधी वर्गातून कुणीतरी ओरडतं.

याच तासात तीन गोष्टी पटकन उरका. ओटीपी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, ‘बँकेतले साहेब’ असले तरी. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायचं. आणि नावाच्या शेवटी एपीके असलेली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल उघडायची नाही. लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलान म्हणून एपीके पाठवतात. उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले मेसेज, त्यातले ओटीपी समोरच्याच्या हाती. पत्रिका हा प्रकार गावात फार चालतो, कारण लग्नसराईत कुणाची पत्रिका आली हे बघितल्याशिवाय कोण राहणार?

पासवर्डसाठी मी पोरांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडायला लावते. ‘विळाचांदणीइस्त्रीबारा’ असलं काहीतरी. लांब असतो, लक्षात राहतो, आणि बनवताना वर्ग हसतो. सापळा : वर्गात बनवलेला पासवर्ड खरा म्हणून वापरू नका असं बजावून सांगा, कारण सगळ्या वर्गाने तो ऐकलेला असतो. मी पहिल्यांदा सांगायला विसरले होते.

आजोबांसाठी एक निरोपही पोरांबरोबर पाठवा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात बसून ‘डिजिटल अटक’ करणारे ठग असतात; अशी अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोललं होतं, हे सांगितलं की म्हातारी माणसं पोरांचं ऐकतात.

५. तिसरा तास : फॉरवर्ड करण्याआधी

हा तास सातवीच्या खाली घेऊ नका. राईनपाड्याची गोष्ट सांगायची असते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत तिथे गेलेल्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी पोरं पळवणारी टोळी समजून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. मंगळवेढा आमच्यापासून लांब नाही. डवरी आमच्या गावातही येतात, पोरांनी त्यांना दारात पीठ घातलेलं असतं. त्यामुळे वर्ग एकदम गप्प होतो.

त्या महिन्यांत पोरं पळवल्याचे बरेच व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यातल्या एकात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

कापलेला शेवट म्हणजे काय, हे आम्ही करूनच बघतो. पटांगणात आमचे शिपाईमामा एका पोराला दंडाला धरून ओढत नेतायत, पोरगं ओरडतंय, असा दहा सेकंदांचा तुकडा टीव्हीवर दाखवायचा. काय चाललंय, विचारायचं. “मामा मारायला नेत्यात.” मग पूर्ण पंचवीस सेकंद : मागून उधळलेली म्हैस येते आहे. (म्हैस गरीब आहे, तिला चारा दाखवून पळवली होती. पोरगं मात्र खरंच घाबरलं.) या नाटकातल्या मुलाच्या पालकांना विचारूनच करा, आणि चित्रफीत दाखवून झाली की सगळ्यांसमोर डिलीट करा.

कृती म्हणून दोनच सवयी लावा. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली की तो बऱ्याच हातांतून आलाय, थांबायचं. आणि फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे, कोणत्या साली आला होता ते बघायचं. आमच्या ग्रुपवर ‘काल आपल्या घाटात दिसलेला बिबट्या’ म्हणून आलेला फोटो पोरांनी असा शोधला. बिबट्या चार वर्षं जुना निघाला.

६. चौथा तास : स्टिकर

पोरांना अनोळखी ठगापेक्षा वर्गमित्राचा त्रास जास्त असतो. आमच्याकडे एका मुलाचा खिचडी खातानाचा फोटो कुणीतरी काढला, स्टिकर बनवलं, आणि दोन दिवसांत ते वरच्या वर्गांतही पोचलं. पोरगं शाळेत जेवायचं बंद झालं.

तेव्हा मी केलेली चूक : वर्गात त्याला उभं करून “याला किती वाईट वाटलं असेल” असं विचारलं. उभं केल्याने त्याची दुसऱ्यांदा शोभा झाली. आता मी नावं-गावं बदलून घडलेलं सांगते आणि विचारते : फोटो काढणारा एक, स्टिकर करणारा एक, मग बाकीचे तीस काय करत होते? हसण्याचा इमोजी टाकणारा कोणत्या बाजूला? इथे पोरांना बोलू द्या, तुम्ही कमी बोला. शेवटी वर्ग स्वतःच नियम करतो. आमचा झाला : जेवताना, रडताना, पडल्यावर कुणाचा फोटो काढायचा नाही, काढलेला दिसला तर पुढे न पाठवता बाईंना सांगायचं. कार्डशीटवर सगळ्यांच्या सह्या आहेत.

७. पाचवा तास : गुपित ठेव म्हणणारा माणूस

हा तास टाळावासा वाटतो. टाळू नका. मुलींबरोबर मुलांनाही घ्या, असले प्रकार मुलांच्या बाबतीतही होतात. भाषा साधी ठेवा : ऑनलाइन कुणी कपड्यांशिवायचा फोटो मागितला, तसला पाठवला, भेटायला बोलावलं, किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणाला, तर उत्तर द्यायचं नाही, चॅट पुसायचं नाही, सांगायचं. फोटो गेला असला तरी सांगायचं. पैसे मागत असला तरी द्यायचे नाहीत, एकदा दिले की तो पुन्हा मागतो.

आता तुमची तयारी. पोर तुमच्याकडे आलं तर पहिलं वाक्य “सांगितलंस, बरं केलंस.” “तू कशाला पाठवलास?” हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळा. खोदून चौकशी करू नका, ते पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा होतो. गावात मिटवून टाकू म्हणणारे भेटतील. ऐकू नका.

सर्वांत मोठा सापळा : पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या फोनवर घेणं किंवा मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करणं. मुलांचे अश्लील फोटो साठवणं-पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. समोरच्या खात्याचं नाव, नंबर, तारीख-वेळ वहीत लिहून घ्या आणि फोन आहे तसा पोलिसांकडे न्या. अठराच्या आतल्यांचे फोटो मोठ्या समाजमाध्यमांवर पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो.

८. सहावा तास : एआयला आपलं गाव विचारा

गृहपाठ एआयकडून उतरवणं सुरू झालंच आहे. बंदी घालून काही होत नाही. मी टीव्हीवर सर्वांसमोर एका एआयला आमच्या गावाची माहिती विचारली. त्याने ठणकावून आमच्या गावाला एक ऐतिहासिक तलाव दिला. आमच्याकडे टँकर येतो. पोरं पोट धरून हसली आणि तेव्हापासून ‘तलाव’ हा वर्गातला शब्दच झाला, निबंधात कुणी न तपासता काही लिहिलं की बाकीचे म्हणतात, “बाई, ह्यात तलाव हाय.”

९. पैसे गेलेच तर

तक्ता वर्गात लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. खोटाखोटा १९३०ला फोन लावून घ्या, एक पोर कर्मचारी, एक तक्रारदार. काय काय विचारतात ते पाठ झालं पाहिजे : बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, ठगाचा नंबर किंवा यूपीआय आयडी. हा संदर्भ क्रमांक अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, तो पोरांना शोधता येतो, वडिलांना बहुधा नाही. खरा फोन मोठ्या माणसाने करायचा. फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची आणि बँकेलाही कळवायचं. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो. तो कुठल्यातरी खात्यात असेपर्यंत गोठवता येतो, एटीएममधून काढला की संपलं. म्हणून पहिले काही तास मोलाचे. गुगलवर ‘तक्रार नंबर’ शोधायचा नाही, तिथे ठगांनीच आपले नंबर पेरलेले असतात.

तक्रारपेटीचं राहिलं. आमची पेटी कार्यालयाच्या दारात होती. तिच्यात चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसायचा, म्हणून ती वर्षभर रिकामीच. आता ती ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी आहे, जिथे पोरं तशीही येतात-जातात. किल्ली माझ्याकडे आहे, शुक्रवारी मधल्या सुट्टीत उघडते, सखी सावित्री समितीतल्या (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) एका आईसोबत. बहुतेक वेळा निघतं ते नळाला पाणी नाही, अमक्याने पेन घेतला. गेल्या महिन्यात एक चिठ्ठी होती : “पप्पांच्या फोनवर काल एक जण पिन मागत होता. मी दिला नाय. पप्पांना सांगितलं. ते काय बोलले नाय.” खाली नाव नव्हतं. अक्षर मी ओळखलं.